रिकामा तवा आणि चुकलेले लक्ष

गेल्या हिवाळ्यात पंचाहत्तरीच्या एक आजी सुनेबरोबर दवाखान्यात आल्या. थंडी वाजून ताप, अंगदुखी आणि छातीत आवळल्यासारखे वाटणे, अशी लक्षणे होती. दिवस पाहता फ्लूचेच निदान झाले असते. ‘घरात आणखी कोणी आजारी आहे का?’ असे विचारताच सून म्हणाली, ‘माणसे ठीक आहेत, पण आमच्या लव्हबर्डची जोडी आज सकाळी मेली.’ मग उलगडा झाला. आजींनी धिरड्यांसाठी नॉनस्टिक तवा मोठ्या आचेवर ठेवला होता. तेवढ्यात लेकीचा फोन आला आणि अर्धा तास रिकामा तवा तापत राहिला.

नॉनस्टिक भांड्यांवर बहुधा टेफ्लॉनचा थर असतो. नेहमीच्या स्वयंपाकाच्या उष्णतेत तो निरुपद्रवी असतो. खरवडून निघालेला एखादा कण पोटात गेला, तरी तो न पचता बाहेर पडतो. मात्र सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे हा थर बिघडू लागतो आणि ३५० अंशांच्या आसपास त्यातून विषारी वायू सुटतात. भाजीतील पाणी भांड्याला फार तापू देत नाही. रिकामे भांडे मात्र मोठ्या आचेवर काही मिनिटांतच ती मर्यादा ओलांडते. अशा धुरामुळे काही तासांनी फ्लूसारखी लक्षणे दिसतात व बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतात. पक्ष्यांची श्वसनसंस्था फार नाजूक असल्याने ते दगावतात.

वयोमानानुसार घ्राणशक्ती मंदावते, विस्मरण वाढते. त्यामुळे ज्येष्ठांच्या घरी ही काळजी अधिक घ्यावी. तरीही ही भांडी टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. ती वजनाला हलकी असतात, त्यांत तेल कमी लागते आणि दुखऱ्या मनगटांना घासण्याचे श्रमही वाचतात. पथ्ये एवढीच पाळावीत:

• आधी तेल किंवा पीठ हाताशी घ्यावे, मगच गॅस पेटवावा. आच मंद ते मध्यम ठेवावी.
• धिरडी, घावन, आम्लेट यांसाठी नॉनस्टिक वापरावे. भाकरी, पोळी आणि कडकडीत फोडणीसाठी लोखंडी भांडे बरे.
• उलथणे लाकडी असावे. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये. तवा निवल्यावर मऊ स्पंजाने धुवावा. तारेची घासणी व राख टाळावी.
• भांडी एकात एक ठेवताना मध्ये फडके घालावे.
• थर सोलवटू लागला की भांडे बदलावे.

चुकून तवा तापून धूर झालाच, तर गॅस बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि मोकळ्या हवेत जावे. धाप लागली, किंवा दमा वा फुप्फुसांचा जुना विकार असेल, तर त्वरित डॉक्टरांकडे जावे आणि तव्याची गोष्ट न संकोचता सांगावी.

आजी दोन दिवसांत बऱ्या झाल्या. पाखरांची हळहळ मात्र त्यांच्या मनातून गेली नाही. ‘माझ्या विसरण्यापायी गेली,’ असे त्या अजूनही म्हणतात. सुनेने त्यांना दोष दिला नाही. आता फोन वाजला की ती आधी गॅस बंद करते, आणि आजींनाही तीच सवय लागली आहे.