घर नाही, कॉफी नाही, एकटं राहणंही नाही: मॉर्मन मिशनरी पोरांचा आठवडा नेमका कसा जातो?

पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळा बिल्ला आणि शेजारी अगदी तसाच दुसरा पोरगा. इंग्लिश सिनेमे आणि सिरीज बघत असाल, तर ही जोडी तुम्ही कुठेतरी पाहिली असेल. २०२४ च्या 'हेरेटिक' सिनेमात ह्यू ग्रँटच्या घरात जाऊन अडकतात त्या दोन मुली याच पंथाच्या. ब्रॉडवेवर तर २०११ पासून 'द बुक ऑफ मॉर्मन' हे म्युझिकल या पोरांची यथेच्छ टिंगल करतंय. त्यावर चर्चने काय केलं? मोर्चा नाही, बंदीची मागणी नाही. त्याच नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेत आपल्या धर्मग्रंथाची जाहिरात दिली.

टिंगल बाजूला ठेवली तर प्रश्न उरतो तो असा, की १८-१९ वर्षांची ही पोरं घरदार सोडून अनोळखी देशात दिवसभर करतात तरी काय?

आधी थोडी पार्श्वभूमी. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी हा पंथ सुरू केला. पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', मुख्यालय अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत, जगभरात सदस्य सुमारे पावणेदोन कोटी. 'मॉर्मन' म्हणू नका असं चर्चने २०१८ मध्ये सांगितलंय, पण लोक त्यांना याच नावाने ओळखतात म्हणून इथेही तेच वापरतोय.

यांच्यात मुलांनी दोन वर्षं मिशनवर जाणं हे कर्तव्य मानलं जातं. मुलींसाठी ते ऐच्छिक आहे, आणि मुदत दीड वर्षाची. २०१२ मध्ये वयाची अट खाली आली, मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९. २०२५ मध्ये मुलींसाठीही १८ झाली. कुठे जायचं हे तुम्ही ठरवायचं नाही. अर्ज भरायचा, सॉल्ट लेक सिटीत निर्णय होतो आणि एक दिवस पत्र येतं. पूर्वी ते मोठ्या पांढऱ्या पाकिटात यायचं, २०१८ पासून ऑनलाइन येतं. अख्खं खानदान जमवून ते पत्र मोठ्याने वाचायचं आणि देशाचं नाव आलं की किंचाळायचं, असे ढीगभर व्हिडिओ तुम्हाला सापडतील.

समजा, युटातल्या एका पोराला ब्राझील मिळालं. काही आठवडे ट्रेनिंग सेंटरमध्ये पोर्तुगीजची घोकंपट्टी झाली आणि तो साओ पाउलोजवळच्या एखाद्या वस्तीत येऊन पडला. आता त्याचं पहिलं नाव गेलं. बिल्ल्यावर फक्त 'एल्डर' आणि आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारा. नीट दाढीही न फुटलेल्या पोराला अख्खी वस्ती दोन वर्षं वडीलधारा म्हणणार.

सोमवार म्हणजे सुट्टी, पण अर्धवट. हा तयारीचा दिवस. कपडे धुवा, किराणा भरा, केस कापा, फुटबॉल खेळा. दर आठवड्याला आपल्या मिशनच्या प्रमुखाला पत्र लिहा. आणि घरी फोन करा. हा फोन वाटतो तितका साधा नाही. फेब्रुवारी २०१९ पर्यंत घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मदर्स डेला. बाकी सगळं ईमेलवर. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल चालतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास सुट्टी संपते आणि पुन्हा टाय चढतो.

मंगळवारपासून खरं वेळापत्रक. सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, नाश्ता, मग धर्मग्रंथाचा आणि भाषेचा अभ्यास. त्यानंतर जे बाहेर पडायचं ते रात्री नऊ-साडेनऊपर्यंत. साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून देशाप्रमाणे थोडी ढील मिळते, पण सांगाडा हाच. सिनेमा नाही, डेटिंग नाही, गाणी ऐकायची तीही ठरावीक.

पण सगळ्यात अवघड नियम आहे जोडीदाराचा. मिशनरी कधीच एकटा नसतो. बाथरूम सोडलं तर दोघांनी एकमेकांच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं. एकाच खोलीत झोपायचं. जोडीदार तुम्ही निवडत नाही, साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात आणि नवीन माणूस मिळू शकतो. तो घोरणारा असेल, आळशी असेल, अतिउत्साही असेल, तुमचं नशीब. दोघं एकमेकांनाही 'एल्डर अमुक' म्हणूनच हाक मारतात. आपल्याकडे हॉस्टेलच्या रूममेटवर वैतागलात तर निदान कट्ट्यावर जाऊन बसता येतं. इथे वैताग आला तरी तो वैताग शेजारीच चालत असतो.

ब्राझीलमध्ये घराला बहुतेकदा फाटक असतं, म्हणून दार वाजवण्याऐवजी बाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. कुणी आलंच आणि आत बोलावलं, तर सगळ्यात आधी पुढे येतो कॉफीचा छोटा कप. जगात सर्वाधिक कॉफी पिकवणाऱ्या देशात हे दोघं कॉफीला नाही म्हणणार, कारण धर्मात चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू वर्ज्य. आपल्याकडे आलेल्या पाहुण्याने चहा नाकारला तर यजमानांचा चेहरा कसा होतो ते आठवा, म्हणजे संभाषणाची सुरुवात किती अवघडलेली होत असेल हे कळेल. दुपारचं जेवण मात्र बऱ्याचदा चर्चच्या सदस्यांच्या घरी होतं.

हल्ली फाटकापेक्षा फोन जास्त चालतो. चर्च फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिराती करतं, कुणी फॉर्म भरला की त्या भागातले मिशनरी मेसेज करतात. आठवड्यातला एखादा तास मोफत इंग्रजी शिकवण्यात जातो, काही वेळ सेवेच्या कामात, म्हणजे कुणाचं सामान हलव, कुणाचं अंगण साफ कर. एक बैठक आसपासच्या मिशनऱ्यांची, आणि एक दोघांनीच बसून पुढच्या आठवड्याची आखणी.

एखादा तयार झालाच, तर शनिवार-रविवारी पांढऱ्या कपड्यांत, पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा. पण त्याआधी अटी आहेत. कॉफी सोडा. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायची तयारी ठेवा. लग्न न करता एकत्र राहत असाल तर आधी लग्न करा. त्यामुळे बरेच जण शेवटच्या वळणावर गळतात. रविवारी मिशनऱ्याची खरी धाकधूक हीच असते, की ज्यांनी 'येतो' म्हणून सांगितलंय ते प्रार्थनेला येणार का. महिन्याचा पहिला रविवार उपवासाचा. दोन वेळचं जेवण टाळायचं आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे.

आता हिशोब बघा. चर्चच्याच आकड्यांनुसार २०२४ मध्ये ७४ हजारांच्या आसपास मिशनरी होते आणि नव्याने बाप्तिस्मा घेतलेले लोक सुमारे ३ लाख ८ हजार. म्हणजे एका मिशनऱ्यामागे वर्षाला साधारण चार. तेही जोडीने काम करून. बाकीचे दिवस 'नको' ऐकण्याचे.

आणि यासाठी पगार नाही. उलट अमेरिकन कुटुंबाला महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात. पोरगा टोकियोत असो की एखाद्या स्वस्त गावात, रक्कम तीच, सगळे पैसे एकत्र करून खर्च वाटला जातो. दोन वर्षांचे १२ हजार डॉलर, म्हणजे दहा लाख रुपयांच्या वर. गरीब देशांतल्या सदस्यांना कमी भरावे लागतात.

मग वर्षाला चार माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला? माझ्या मते उत्तर फाटकाच्या आत नाही, बाहेर उभ्या असलेल्या पोरात आहे. हजार वेळा नकार ऐकून, रोज तेच धडे दुसऱ्याला परकीय भाषेत शिकवून जो परत येतो, तो पंथ सहसा सोडत नाही. पुढच्या पिढीचे चर्च चालवणारे लोक यातूनच घडतात. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले मिट रॉम्नी १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये अशीच दारं वाजवत फिरले होते. वाईनसाठी प्रसिद्ध असलेल्या देशात दारू सोडा सांगत.

महाराष्ट्राचाही यात एक जुना धागा आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन मिशनरी मुंबईत आणि तिथून पुण्याला पोहोचला होता. छावणीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनीच त्याला अडवलं आणि तो काही वर्षांत परत गेला.

या सगळ्यात टोचणारी बाजू कोणती? मुलांसाठी मिशन हे कर्तव्य, मग 'मला जायचं नाही' हे १८ व्या वर्षी म्हणायचं कुणाला? आई-वडील, शेजारी, मित्र, अनेकदा आवडणारी मुलगीही त्याच चर्चमधली. आणि गेल्यावर जमलं नाही तर? नैराश्य, चिंता, आजारपण यामुळे मुदतीआधी परतणारी पोरं असतात, आणि आपण हरलो ही भावना त्यांच्यातले अनेक जण बोलून दाखवतात. चर्चने अलीकडे घरी राहून सेवाकार्य करायचा पर्याय ठळक केलाय. प्रकृती साथ देत नसेल त्यांना तो उपयोगी पडतो. पण मंडळींच्या नजरा परिपत्रकाने बदलत नाहीत.

पूर्ण मुदत काढून येणाऱ्यांसाठी सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावर फलक आणि फुगे घेऊन नातेवाईक उभे असतात. मग स्थानिक चर्चप्रमुख त्याला सेवेतून मुक्त करतो आणि बिल्ला उतरतो. मुदतीआधी आलेल्याचा बिल्लाही तोच प्रमुख उतरवतो. फक्त त्या दिवशी विमानतळावर फुगे असतीलच असं नाही.