फ्रीजरमधील पंखा : बिघाड कसा शोधावा?

बंगळूरच्या उत्तरेस येलहंका हे उपनगर आहे. रेल्वेची चाके तयार करणारा कारखाना आणि वायुदलाचे केंद्र तेथे आहे. नोकरीनिमित्त देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे तेथे राहतात. अशाच एका मराठी कुटुंबाची आपण कल्पना करू. एप्रिल महिना आहे. दुपारचे तापमान ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. सकाळी तापवायला ठेवलेले दूध नासले. फ्रीजच्या खालच्या कप्प्यातील पाणी कोमट झाले आहे. वरच्या फ्रीजरमधील बर्फ मात्र अजून टिकून आहे. आजींचे इन्सुलिन खालच्याच कप्प्यात आहे. फ्रीज बंद पडला असे म्हणावे, तर मागच्या बाजूने कॉम्प्रेसरचा आवाज येतो आहे. मग बिघाड आहे तरी कोठे?

याचे उत्तर मिळवण्यासाठी फ्रीजची रचना समजून घ्यावी लागेल. एकदारी साध्या फ्रीजमध्ये बहुधा पंखा नसतो. थंड हवा जड असल्यामुळे ती वरच्या बर्फाच्या कप्प्यातून आपोआप खाली उतरते. ‘फ्रॉस्ट फ्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन दारांच्या फ्रीजची रचना वेगळी असते. त्यात थंडावा निर्माण करणाऱ्या नळ्यांची जाळी, म्हणजे कॉइल, फ्रीजरच्या मागील पडद्याआड असते. तिच्याजवळचा छोटा पंखा थंड हवा फ्रीजरमध्ये आणि एका मार्गाने खालच्या कप्प्यात ढकलतो. अशा बहुतेक फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यासाठी वेगळी कॉइल नसते. म्हणून पंखा थांबला की कॉइलजवळचा फ्रीजर काही काळ थंड राहतो. पण खालचा कप्पा तापू लागतो.

हवेतील बाष्प कॉइलवर गोठून तेथे हिम साचते. ते वितळवण्यासाठी कॉइलजवळ एक हीटर असतो. ठरावीक काळाने तो थोडा वेळ चालू होतो. वितळलेले पाणी एका नळीवाटे मागील बाजूच्या तबकात उतरते आणि तेथे त्याची वाफ होते. हीटर चालू असताना कॉम्प्रेसर व पंखा सहसा बंद असतात. त्यामुळे पंख्याचा आवाज आला नाही, एवढ्यावरून तो बिघडला असे ठरवू नये.

आता तपासणीकडे वळू. ती सोप्या कारणापासून सुरू करावी. हवा येण्याच्या जाळीसमोर भाजीच्या पिशव्या किंवा डबे दाटीने ठेवलेले नाहीत ना, हे प्रथम पाहावे. दाराच्या कडेचे रबर नीट चिकटते का, हेही पाहावे. दारात कागद धरून दार लावावे. कागद सहज ओढून निघाला, तर तेथून बाहेरची दमट हवा आत शिरत असणार.

यानंतर पंख्याची चाचणी घ्यावी. अनेक फ्रीजमध्ये दार उघडताच पंखा थांबतो. अशा वेळी दाराच्या चौकटीतील बटण बोटाने दाबून धरावे व कान देऊन ऐकावे. काही नव्या फ्रीजमध्ये बटणाऐवजी चुंबकावर चालणारा स्विच असतो. तेथे ही युक्ती चालत नाही. या चाचणीतून तीन शक्यता पुढे येतात. पंखा फिरत असूनही हवा येत नसेल, तर कॉइलवर हिमाचा थर साचला असावा किंवा हवेचा मार्ग अडला असावा. खरखर ऐकू आली, तर पात्यांना बर्फ घासत असावा. काहीच आवाज नसेल, तर तासाभराने पुन्हा पाहावे. तरीही शांतता असेल, तर पाती बर्फात अडकली असतील किंवा स्विच, तार अथवा मोटार निकामी झाली असेल.

या शक्यतांतून खरे कारण निवडण्याचा उपाय सोपा आहे. फ्रीजचा प्लग काढावा, आतील वस्तू बाहेर काढाव्यात आणि दोन्ही दारे सुमारे २४ तास उघडी ठेवावीत. खाली जुने कापड पसरावे. बर्फ सुरीने किंवा टोकदार वस्तूने खरवडू नये. नळीला छिद्र पडले, तर वायू निसटून दुरुस्तीचा खर्च फार वाढतो. शिवाय अनेक नव्या फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू असतो.

दुसऱ्या दिवशी फ्रीज चालू करावा. पंखा फिरू लागला, पण काही दिवसांनी पुन्हा अडकला, तर पंखा स्वतः दोषी नाही, असे समजावे. हिम वितळवणारा हीटर, त्याचे नियंत्रण, तुंबलेली पाण्याची नळी किंवा दाराचे सैल रबर यांपैकी एखादे कारण असावे. अशा वेळी केवळ पंखा बदलला, तर पैसे खर्च होतील आणि बिघाड तसाच राहील. बर्फ पूर्ण वितळूनही पंखा फिरत नसेल, तर स्विच, तार व मोटार यांची तपासणी करावी लागते. ती २३० व्होल्टच्या विजेशी संबंधित असल्यामुळे जाणकार तंत्रज्ञाकडेच सोपवावी. मात्र आपण काय पाहिले आणि कोणत्या क्रमाने पाहिले, हे त्याला अवश्य सांगावे.

फ्रीज बंद असलेल्या काळात आजींच्या औषधाचे काय करावे? न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. ते घट्ट डबीत घालून शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात ठेवणे उत्तम. घाईघाईने फ्रीजरमध्ये मुळीच ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वापरण्यायोग्य राहत नाही. वापरात असलेली कुपी काही काळ फ्रीजबाहेर चालते. त्याची मुदत व तापमान माहितीपत्रकात दिलेले असते. कडक उन्हाळ्यात ती कुपी पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून ओल्या मातीच्या भांड्यात सावलीत ठेवतात. भांड्याच्या अंगातून झिरपणाऱ्या पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. मात्र हा तात्पुरता उपाय आहे. न उघडलेल्या साठ्यासाठी तो पुरेसा नाही. बिघाडाच्या काळात तापलेल्या कप्प्यात राहिलेले इन्सुलिन वापरावे की नाही, हे डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारूनच ठरवावे.

दुरुस्तीनंतर खालच्या कप्प्यात पेलाभर पाण्यात तापमापी ठेवून रात्रभर राहू द्यावी. सकाळी ती ५ अंशांच्या आत, पण २ अंशांच्या वर राहिली, तर हवा पुन्हा नीट खेळू लागली, असे समजावे. मगच दूध, भाजी आणि आजींचे औषध पूर्वीच्या जागी ठेवावे.