चित्रफलकावरील चित्रगृह
अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात १९५० साली जन्मलेल्या डेव्हिस कोन या चित्रकाराने आपल्या कलाजीवनाचा फार मोठा भाग ज्या विषयास वाहिला, तो विषय म्हणजे लहान गावांच्या हमरस्त्यांवर उभी असलेली जुनी चित्रगृहे. दारावर पुढे झुकलेले छत, खेळ बदलला की बदलावयाची त्यावरील सुटी अक्षरे, मध्यभागी काचेची तिकीटखिडकी आणि माथ्यावर निऑनच्या नळ्यांनी रेखलेले नाव, एवढाच या चित्रांचा ऐवज असतो. परंतु रंगाला स्वतःचे तेज नसते. निऑन वायूची नारिंगी-तांबडी झळाळी फलकावर उमटवावयाची, तर शेजारचा अंधार किती गडद ठेवावा याचा सूक्ष्म विवेक चित्रकाराला करावा लागतो, आणि अशा चित्रांत सांजवेळ वारंवार येते ती, दिवे लागलेले असूनही भिंतीवरचे पोपडे दिसू शकतात म्हणूनच.

लुई मायझेल या कलाव्यापाऱ्याने १९६९ साली ज्याला 'फोटोरिअलिझम' हे नाव दिले, त्या पंथाचा हा चित्रकार. छायाचित्रावरून चित्र काढणे म्हणजे निव्वळ नक्कल, हा या पंथावरील आक्षेप मला मान्य नाही. कॅमेऱ्याने क्षणार्धात टिपलेले दृश्य हा केवळ आरंभ असतो; पुढे वीटन् वीट आणि तडा न् तडा सारख्याच आदराने रंगवीत राहणे, हा त्या उपेक्षित इमारतीच्या बाजूने दिलेला निवाडाच होय.

तो निवाडा अगत्याचा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९४८ च्या निकालाने चित्रपट-कंपन्या आणि त्यांच्या मालकीची चित्रगृहे यांची ताटातूट झाली, पाठोपाठ घरोघरी दूरचित्रवाणी आली, वस्ती उपनगरांकडे सरकली, आणि गावोगावच्या चित्रगृहांना टाळी लागू लागली.

यांतील पुष्कळ इमारती ज्या आर्ट डेको शैलीच्या, त्याच शैलीची रीगल (१९३३) आणि इरॉस (१९३८) ही चित्रगृहे मुंबईत आहेत, आणि ज्या वास्तुसमूहात ती मोडतात त्याला २०१८ साली जागतिक वारशाची सनदही मिळाली. तालुक्याच्या गावांतील आपल्या एकपडदा चित्रगृहांच्या नशिबी तसला दाखला नाही. त्यांच्या दर्शनी भागासमोर महिनोन्‌महिने नजर खिळवून बसणारा एखादा चित्रकार आपल्याकडेही निपजावा, आणि तो ती पाडली जाण्यापूर्वी निपजावा, अशी माझी उत्कट इच्छा आहे.