‘ओन्ली’, ‘च’ आणि ‘ही’

इंग्रजीतील ‘ओन्ली’ या क्रियाविशेषणाचा अर्थ कोशांत ‘केवळ’, ‘फक्त’ असा दिलेला आढळतो. तो चुकीचा नाही; अपुरा मात्र आहे. चंदीगड वसण्यापूर्वीपासून नांदत आलेल्या आणि आता त्या शहरात सामावलेल्या मनीमाजऱ्यात हिंदी-पंजाबी सतत कानांवर पडते. तेथे राहणाऱ्या मराठी माणसास हा अपुरेपणा लवकर जाणवतो. ‘मैं यहीं हूँ’ असे म्हणणारा मनुष्य इंग्रजीकडे वळला की सहज म्हणून जातो, ‘आय ॲम हिअर ओन्ली’. इंग्रजीचे शिक्षक यास दोष मानतात. आपल्याला ते वाक्य परके वाटत नाही, कारण आपणही ‘मी येथेच आहे’ असेच म्हणतो. येथे ‘ओन्ली’ शब्द इंग्रजी, परंतु त्याचे काम अवधारणाचे. म्हणूनच तो शब्दाच्या मागे जाऊन बसतो.

‘आय ओन्ली सॉ राम’ या लिखित वाक्यात नुसते पाहिले, की रामालाच पाहिले, हे आवाजाच्या आघातावाचून ठरत नाही. मराठीत हा निर्णय ‘च’च्या जागेवरून होतो. ‘रामच येईल’ यात इतरांचे व्यावर्तन आहे. ‘राम येईलच’ यात कोणीही वगळला जात नाही, केवळ निश्चय आहे. या दुसऱ्या ‘च’ला ‘केवळ’ हा प्रतिशब्द मुळीच चालत नाही. हे अव्यय जुने आहे. हेमचंद्राने १२व्या शतकात प्राकृतातील ‘चिअ’, ‘च्च’ ही अवधारणार्थक म्हणून नोंदविली, आणि ज्ञानेश्वरीत ‘चि’ पदोपदी भेटतो.

खरा धोका मात्र इंग्रजीत नसून शेजारच्या भाषेत आहे. हिंदी ‘ही’ म्हणजे आपला ‘च’. मराठी ‘ही’ म्हणजे हिंदीतील ‘भी’. (पंजाबी बोलण्यात ‘ही’चा पुष्कळदा नुसता ‘ई’ उरतो, त्यामुळे तेथे फसगत कमी.) लिपी एक, अक्षर एक, अर्थ मात्र उलट. हिंदी कथेतील ‘मैं ही जाऊँगा’ हे घाईत ‘मीही जाईन’ असे उतरले, तर एकट्याने जाण्याचे ठरविलेल्या माणसास अनुवादक सोबती मिळवून देतो. मुद्रितशोधकाच्याही ते ध्यानात येत नाही, कारण वाक्य शुद्ध मराठी असते.