अपघातविभागांतून शस्त्रक्रियागृहांत

खंडाळा म्हटलें, कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें लोणावळ्याशेजारची थंड हवा उभी राहते. आमचा खंडाळा तो नव्हे. तो सातारा जिल्ह्यांतला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा, पुणें-सातारा रस्त्यावर वसलेला. घाटांतले अपघात येथील लोकांच्या चांगल्याच परिचयाचे आहेत. २०१४ सालीं राज्यांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली आणि जखमी मनुष्यास रुग्णालयाचें दार लौकर गांठण्याची सोय झाली. त्या दारांत त्यास प्रथम हात लावणारी पुष्कळदां परिचारिकाच असते.

अशाच एका परिचारिकेच्या घरचा वाद मध्यंतरीं आमच्याकडे आला. मुलगी आमची जुनी विद्यार्थिनी. शहरांतील एका रुग्णालयाच्या अपघातविभागांत सहा वर्षें काढल्यावर तिनें शस्त्रक्रियागृहांत जावयाचें ठरविलें. सासूबाईंस आनंद झाला. आतां सूनबाईंस विसांवा मिळेल, असें त्यांस वाटलें. मामंजींस मात्र खंत वाटली. मरणाच्या दारांतून माणसें ओढून आणण्याचें काम सोडून ही मागें फिरली, असें त्यांचें म्हणणें. आमच्या मतें दोघांचाही समज बरोबर नाहीं.

चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चारच: उपचारांचें ज्ञान, दाक्ष्य, रोग्याविषयीं अनुराग आणि शौच. अपघातविभागांत यांपैकीं दाक्ष्यास अग्रपूजेचा मान. एकदम पांच जखमी आले, तर आधीं कोणाकडे वळावयाचें, हें क्षणांत ठरवावें लागतें. मोठ्यानें ओरडणाऱ्यापेक्षां निपचित पडलेला अधिक संकटांत असूं शकतो, ही जाण तेथें अनुभवानें येते. श्वासमार्ग मोकळा आहे कीं नाहीं हें पाहणें, वाहतें रक्त दाबून धरणें, शिरेंत सुई घालणें, या कामांत हात बुद्धीच्या बरोबरीनें धांवतो.

शस्त्रक्रियागृहांत पहिला मान शौचाचा. तेथें एक परिचारिका हात घासून, निर्जंतुक झगा व हातमोजे घालून शस्त्रवैद्याजवळ उभी राहते आणि उपकरणें हातीं देते; दुसरी त्या निर्जंतुक क्षेत्राच्या बाहेर राहून लागेल तें पुरविते व नोंदी ठेविते. घरांतील आजीबाईंचें सोवळें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस ही रीत चटकन् समजेल. भेद इतकाच, कीं तें सोवळें माणसास दूर ठेवीत असे. हें जंतूंस दूर ठेवून माणसास वांचवितें. हातमोज्यास बाहेरच्या वस्तूचा निसटता स्पर्श झाला आणि कोणीं पाहिलें नाहीं, तरी परिचारिकेनें तें आपण होऊन सांगावयाचें व मोजा बदलावयाचा. येथें शौच आणि सत्य हीं दोन राहत नाहींत.

मोजदादीची गोष्टही अशीच. आरंभीं आणि पोट शिवण्यापूर्वीं जखमेंत वापरावयाच्या कापडाच्या घड्या, सुया व उपकरणें दोघींनीं मिळून मोजावयाचीं. एक घडी कमी भरली, तर शस्त्रवैद्य कितीही नामांकित असो, त्यास 'थांबा' म्हणावें लागतें. शोध घेऊनही ती न सांपडल्यास क्ष-किरणांचें साह्य घेतात; त्यासाठींच त्या घडींत क्ष-किरणांना दिसणारा धागा घातलेला असतो. तो एक शब्द वेळेवर उच्चारण्यास लागणारें धैर्य अपघातविभागांतील धैर्याहून उणें नव्हे.

या शिस्तीचें फळ मोजलेंही गेलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियेसाठीं एक तपासणी-यादी प्रसिद्ध केली. भूल देण्यापूर्वीं, छेद घेण्यापूर्वीं आणि रोगी बाहेर नेण्यापूर्वीं तिच्यांतील प्रश्न मोठ्यानें विचारावयाचे. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहतां मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें.

तेव्हां ही मुलगी मागें फिरलेली नाहीं. तिला विसांवाही मिळणार नाहीं. तासन् तास उभें राहणें आहे, आणि तातडीच्या शस्त्रक्रियेस रात्रीं-अपरात्रीं जाणेंही आहे. शिवाय सहा वर्षांच्या अनुभवानंतर पुन्हां पाटी घेऊन बसावयाचें आहे. भारतीय परिचर्या परिषदेनें या शाखेसाठीं एक वर्षाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आंखला आहे. त्यावरून विषयाचा विस्तार ध्यानांत यावा. उपकरणांचीं नांवें नवीं, क्रम नवा, आणि शिकविणारी कदाचित् वयानें लहान. रोगी खचूं लागल्याची खूण ओळखणारी जुनी नजर येथेंही कामास येईल. पण हाताची जुनी घाई आवरावी लागेल. चाळीस वर्षें वर्गांत घालविलेल्या आम्हांस हें विशेष कठीण वाटतें. जाणत्यानें पुन्हां विद्यार्थी होणें सोपें नसतें.

१९०९ सालीं रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानें पुण्यांत सेवासदन निघालें आणि त्यांतील स्त्रिया ससून रुग्णालयांत शुश्रूषा शिकूं लागल्या, तेव्हां या कामाचा विटाळ मानणारीं घरें आपल्यांत थोडीं नव्हतीं. त्यापूर्वींच, १८९७ सालीं, आमच्या खंडाळा तालुक्यांतील नायगांवीं जन्मलेल्या सावित्रीबाई फुल्यांनीं प्लेगच्या रोग्यांची सेवा करतांना देह ठेविला होता. आतां सुना-लेकी अभिमानानें हें काम करितात, तर त्यांच्या कामांतील भेद समजून घेण्याइतकी आस्था घरानें बाळगावी.

कारण एक गोष्ट या मुलीस पुढें फारशी लाभणार नाहीं. अपघातांतून बरा झालेला मनुष्य कधीं पेढे घेऊन परिचारिकेस शोधीत येतो. शस्त्रक्रियेचा रोगी बहुधा भुलेंत असतो; त्याच्यासाठीं घड्या कोणीं मोजल्या, हें त्यास ठाऊकच होत नाहीं. रोग्यास न दिसणारा तो अनुराग निदान घरच्यांनीं तरी ओळखावा. ती रात्रीं उशिरां परतली, तर तिचें ताट झांकून ठेवावें, आणि आज काय नवें शिकलीस, एवढें विचारावें.