गाठ साधी, वारसा अवघड

लहान मेंदूतली ‘हिमँजिओब्लास्टोमा’ ही गाठ कर्करोगाची नसते; पण ती ‘व्हॉन हिपेल-लिंडाऊ’ या आनुवंशिक विकाराची पहिली खूण असू शकते. १९९३मध्ये सापडलेल्या व्हीएचएल जनुकातला हा दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के. पुढची मोठी भीती मूत्रपिंडाच्या कर्करोगाची. जगात साधारण ३६ हजारांत एक रुग्ण, बीड जिल्ह्याच्या २५.८५ लाख (२०११) लोकसंख्येला हाच हिशेब लावला, तर सत्तरेक माणसं. अर्थात हा कागदावरचा अंदाज. दोष असलेल्यांनी डोळ्यांचा पडदा दरवर्षी तपासायचा, एमआरआय ठरावीक काळाने. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याकडे निघणाऱ्या इथल्या घरांनी या तपासण्या पावसाळ्यातच उरकलेल्या बऱ्या. जनुक तपासणी, समुपदेशन खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये होतं, रक्त आधी गाठ असलेल्याचं, मग भावंडं-मुलांचं.