उघड्या टपाची जुनी गाडी घेताय? आधी चाके पाहा!

नारायणगाव - जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांना उघड्या टपाच्या गाडीचे आकर्षण नवे नाही. ताडपत्रीच्या हुडाच्या जीपने या भागात शेतमाल वाहिला, पाहुणे आणले, लग्नाचा नवरदेव मिरवला आणि निवडणुकीतील उमेदवारही फिरवले. आता जुन्या गाड्यांच्या बाजारात तिची जागा 'थार'ने घेतली आहे. २०१० मध्ये आलेली पहिली 'थार' आणि २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीस आलेली दुसरी, अशा दोन्ही पिढ्यांतील कापडी टपाच्या गाड्या आज दुसऱ्या हाताने मिळतात. खरेदीदार इंजिनाचा आवाज ऐकतो, हुड फाटले आहे का ते पाहतो, रंगावरून हात फिरवतो. चाकांकडे मात्र 'छान दिसतात' एवढ्यापुरतेच लक्ष जाते. येथील रस्ते पाहता हा क्रम उलटा असायला हवा.

दोन्ही तालुक्यांतील रस्त्यांचे दुखणे एकसारखे नाही. पश्चिमेकडे, म्हणजे घोडेगावच्या पुढे डिंभे, तळेघर, भीमाशंकर किंवा जुन्नरहून आपटाळेमार्गे नाणेघाट, या पट्ट्यात पाऊस धो-धो पडतो. डांबराच्या भेगांतून पाणी खाली उतरते, खालची खडी सैल होते आणि चाकाच्या प्रत्येक दाबासरशी ती वर फेकली जाते. अशा खड्ड्याची कड तीक्ष्ण असते. त्याहून वाईट म्हणजे खचलेली साइडपट्टी. समोरून एसटी आली, की गाडी डांबरावरून खाली घ्यावी लागते आणि पुन्हा वर येताना टायरची बाजू त्या कडेवर घासते. पूर्वेकडे काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे वरचा रस्ता लाटांसारखा होतो. त्यात गळीत हंगामात 'विघ्नहर' व 'भीमाशंकर' या साखर कारखान्यांकडे उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. पुणे-नाशिक महामार्गावर वेग वाढतो आणि वेगातील एकच खड्डा घाटातील दहा खड्ड्यांइतके नुकसान करू शकतो.

येथे टिकणारे चाक निवडताना पहिला प्रश्न रिम व रस्ता यांच्यामध्ये किती रबर आहे, हा आहे. टायरच्या बाजूवर २४५/७५ आर १६ असे आकडे असतात. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा त्या रुंदीच्या किती टक्के उंचीची बाजू आहे ते दाखवतो, तर शेवटचा रिमचा व्यास इंचांत असतो. दुसऱ्या पिढीच्या 'थार'मध्ये साध्या प्रकाराला याच मापाचे टायर व पोलादी रिम होत्या. महागड्या प्रकाराला २५५/६५ आर १८ मापाचे टायर व अलॉय रिम होत्या. हिशेब केला, तर पहिल्यात बाजूची उंची सुमारे १८४ मिलिमीटर भरते आणि दुसऱ्यात सुमारे १६६. पूर्ण चाकाच्या व्यासात फरक अवघा १५ मिलिमीटरचा असला, तरी खड्ड्यातील धक्का झेलणारे रबर मोठ्या रिमने १८ मिलिमीटरने कमी केले. आधीच्या मालकाने हौसेने २० इंची रिमवर २६५/५० मापाचे टायर चढवले असतील, तर ही उंची १३२ मिलिमीटरवर येते. दिसायला चाक भारदस्त होते, पण आपटाळ्याच्या पुढे त्याचा निभाव लागणे कठीण आहे. पुण्या-मुंबईकडून कोणी परदेशी बनावटीची उघडी मोटार स्वस्तात मिळते म्हणून आणू पाहत असेल, तर २२५/४५ आर १७ यासारख्या मापात बाजू जेमतेम १०१ मिलिमीटर असते, हे ध्यानात घ्यावे.

दुसरा प्रश्न धातूचा. पोलादी रिम जड असते व गंजते, तिला कोणी कौतुकाने पाहत नाही. मात्र जोराचा मार बसला, की ती वाकते. वाकलेली कड कारागीर ठोकून सरळ करतो आणि गाडी घरी येते. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमची मिश्रधातूची रिम बहुधा ओतीव असते. ती वजनाला हलकी असल्याने गाडी चालवताना सुख वाटते, पण मार मर्यादेबाहेर गेला, की तिला तडा जाण्याचा धोका असतो. ट्यूबलेस टायरमधील हवा अशा तड्यातून हळूहळू निघून जाते किंवा महामार्गावर एकदमच जाते. म्हणून ज्यांचे येणे-जाणे प्रामुख्याने पश्चिम पट्ट्यात आहे, त्यांनी १६ इंची पोलादी रिमच पत्करावी, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते. महामार्गावरच फिरणाऱ्यांना कंपनीची मूळ अलॉय चालेल. बाजारातून नवी अलॉय घ्यायचीच असेल, तर तिच्यावर आयएस ९४३६ या प्रवासी मोटारींच्या चाकांच्या भारतीय मानकाची खूण पाहावी. चाकाचा थकवा व आघात यांच्या चाचण्या अशा मानकांतच ठरलेल्या असतात. खूण नसलेली स्वस्त रिम म्हणजे केवळ चकाकी.

जुनी गाडी पाहताना चाकाची दर्शनी बाजू फसवते. मार बहुतेक वेळा आतल्या कडेला बसतो, म्हणून गाडी जॅकवर चढवून प्रत्येक चाक हाताने फिरवावे आणि आतली कड डोलते का ते पाहावे. आतून कोठे वेल्डिंगची रेघ दिसली, तर ती अलॉय रिम किमतीत धरू नये. रिम व टायर यांच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावल्यास सूक्ष्म गळती बुडबुड्यांतून कळते. एकाच रिमवर बॅलन्सिंगची खूप वजने चिकटवलेली असणे हेही वाकलेपणाचे लक्षण असू शकते. टायरच्या बाजूवर फुगा आला असेल, तर आतील धागे तुटले आहेत असे समजावे. असा टायर दुरुस्त होत नाही. टायरचे वयही पाहावे. बाजूवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली, तरी उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर कडक होते. नक्षीची खोली मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर असावी, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. पावसाळ्यात मात्र एवढ्यावर विसंबून माळशेज घाट उतरू नये.

चाके गाडीच्या अंगाबाहेर आली असतील, तर सावध व्हावे. रुबाबासाठी स्पेसर घालून किंवा वेगळ्या बैठकीची रिम लावून चाक बाहेर काढले जाते. त्यामुळे प्रत्येक धक्क्याचा भार बेअरिंगवर अधिक पडतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यास आडवे येते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये याबाबत कठोर भूमिका घेतली. त्यामुळे त्या मॉडेलला कंपनीने दिलेल्या मापांपैकीच माप निवडणे श्रेयस्कर. अठरावरून सोळावर यायचे असेल, तर रिम ब्रेकला घासत नाही ना, हे बसवून पाहावे. विम्याच्या भरवशावर राहण्यातही अर्थ नाही. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत खड्ड्याने केवळ टायर फुटल्यास भरपाई मिळत नाही. गाडीचेही नुकसान झाले, तरच टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळते. टायरसाठीचे जादा संरक्षण निराळे घ्यावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, एवढाच दिलासा.

टायरच्या नक्षीबाबत फार घोळ घालू नये. चिखलासाठीचे मोठ्या गठ्ठ्यांचे टायर डांबरावर गुरगुरतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड कमी पडते. डांबर व कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे 'ऑल टेरेन' टायर येथे पुरेसे आहेत. हवेचा दाब चालकाच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेला असतो. तो गाडी थंड असताना पंधरवड्याला तपासावा. हवा कमी असेल, तर खड्ड्यात टायर दबून रिम थेट दगडावर आपटते. जास्त असेल, तर धक्का रिमसह गाडीच्या सांध्यांपर्यंत पोहोचतो.

मागे टांगलेले पाचवे चाक बहुतेक जण पाहतच नाहीत. ते इतर चारांच्याच मापाचे असायला हवे. या गाडीतील चारचाकी जोर जोडला असता पुढील व मागील चाके एकाच गतीने फिरतात. एखादे लहान-मोठे असेल, तर कोरड्या डांबरावर गिअरवर नाहक ताण येतो. घोडेगाव सोडल्यावर पंक्चरची दुकाने विरळ होतात, म्हणून सौदा ठरण्यापूर्वीच ते चाक खाली उतरवून, हवा भरून पाहावे. सोबत जॅक व नटांचा पानाही आहे का, ते विक्रेत्यासमोरच तपासावे.